शौचमार्ग आणि शौच : एका जन्मजात दोषाच्या उपचारांचा इतिहास



वसंतातल्या व्याख्यानाला लोक येतात ते संध्याकाळच्या वाऱ्याच्या आणि चार शहाणपणाच्या गोष्टींच्या ओढीने. अशा बैठकीत शौचाचा विषय काढणारा वक्ता थोडा धारिष्टाचाच म्हटला पाहिजे. पण न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पायंडा पाडला, तो लोकांच्या कानांना गोड लागेल तेवढेच त्यांना ऐकवावे म्हणून नव्हे. पुढे र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले, आणि चारचौघांत जे बोलायचे नाही तेच बोलण्याची मराठी माणसाला किती गरज आहे हे दाखवून दिले. शिवाय आपल्या भाषेने या बाबतीत एक मौज करून ठेवली आहे. पतंजलींनी नियमांमध्ये पहिला मान शौचाला दिला, तो शुचितेच्या अर्थाने. आणि आपण रोज सकाळी शौचाला जातो, तो शब्दही तोच. शुद्धी आणि मलविसर्जन या दोहोंना एकच नाव देणाऱ्या समाजात ज्या मुलाला शौचाचा मार्गच जन्मतः मिळालेला नसतो, त्याच्या वाट्याला काय येते आणि त्यावर माणसाने काय काय उपाय केले, हा आजचा विषय आहे.

प्रथम दोष कोणता ते सांगतो. मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग, म्हणजे मलाशय, आणि गुदद्वार हे गर्भावस्थेत नीट घडत नाहीत. साधारणपणे चार ते पाच हजार जन्मांमागे एका बालकात हे आढळते. काही बालकांत गुदद्वाराच्या जागी नुसती खळी असते, आणि मलाशय आत कुठेतरी बंद गल्लीसारखा संपलेला असतो. मुलग्यांत बहुधा त्याची एक बारीक वाट मूत्रमार्गात उघडते. मुलींत ती पुष्कळदा योनीच्या तोंडाशी उघडते. काहींत वाट बाहेर येते खरी, पण जागा सोडून थोडी पुढे, आणि अरुंद. निम्म्याच्या आसपास मुलांत जोडीला मूत्रपिंड, हृदय, अन्ननलिका किंवा पाठीचा कणा यांपैकी कशात तरी व्यंग असते. कण्याचे खालचे टोक, ज्याला त्रिकास्थी म्हणतात, ते किती घडलेले आहे याकडे श्रोत्यांनी लक्ष ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

या दोषाच्या उपचारांचा इतिहास वाचताना एक गोष्ट मनात ठसते. जवळजवळ दोन हजार वर्षे वैद्यांनी आणि शल्यवैद्यांनी स्वतःला एकच प्रश्न विचारला : वाट कशी करावी? वाट झाल्यावर त्या मुलाला शी लागलेली कळेल का, धरता येईल का, त्याची चड्डी कोरडी राहील का, ते शाळेच्या बाकावर इतरांशेजारी बसू शकेल का, हा प्रश्न मुख्य प्रश्न म्हणून विचारला जाऊ लागला त्याला जेमतेम चाळीस-पन्नास वर्षे झाली. माझ्या मते हा दुसरा प्रश्न पहिल्याहून अवघड आहे. पहिल्याचे उत्तर शस्त्रक्रियागृहात मिळते. दुसऱ्याचे घरच्या न्हाणीघरात शोधावे लागते, आणि तेही रोज.

इफेससचा सोरेनस इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमारास रोममध्ये वैद्यकी करीत असे. सुइणींसाठी लिहिलेल्या आपल्या ग्रंथात तो सांगतो की, नाळ कापून बाळाला स्वच्छ केल्यावर सुइणीने करंगळीने गुदद्वार तपासावे, आणि तेथे पातळ पडदा आडवा आलेला असल्यास तो मोकळा करावा. सातव्या शतकातल्या ईजिनाच्या पॉलने पुढची पायरी सांगितली : बोटाने पडदा फाटला नाही तर शस्त्राने छेदावा, आणि जखम पुन्हा मिटू नये म्हणून तीत पाचर ठेवावी. पडद्याचा दोष असलेली मुले यामुळे वाचली असतील. ज्यांचे मलाशय वर राहिलेले, त्यांच्यासाठी करंगळीचा काय उपयोग?

आपल्या सुश्रुतसंहितेत हा जन्मजात दोष सापडतो असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. सुश्रुताचा ‘सन्निरुद्धगुद’ हा मोठेपणी जडणारा विकार आहे. मलाचा वेग रोखून धरल्याने वायू कोपतो आणि मार्ग अरुंद होतो, अशी त्याची उपपत्ती. परंतु त्यावरचा उपाय मात्र थांबून पाहण्याजोगा आहे. दोन्ही टोकांना तोंड असलेली नळी घ्यावी, ती लोखंडाची, लाकडाची किंवा लाखेची असावी, तिला तूप लावून ती आत सारावी, आणि दर तीन दिवसांनी आधीपेक्षा जाड नळी वापरावी. आज या मुलांची शस्त्रक्रिया झाली की साधारण दोन आठवड्यांनी आईबापांना धातूच्या गुळगुळीत कांड्या देतात. त्या हेगर नावाच्या जर्मन वैद्याच्या नावाने ओळखल्या जातात. दिवसातून दोनदा कांडी सारायची आणि आठवड्याला एक माप वाढवायचे. तुपाच्या जागी जेली आली, एवढाच फरक. अलीकडे काही शल्यवैद्य या कांड्या सरसकट प्रत्येक मुलाला हव्यातच का, असे विचारू लागले आहेत. पण तो वाद त्यांचा त्यांना लढू द्यावा.

आपल्याकडे बाळाच्या जन्मानंतर पाचवी पुजतात, आणि सहाव्या रात्री सटवी येऊन कपाळावर लेख लिहिते असे म्हणतात. या समजुतीच्या मागे पिढ्यान्पिढ्यांचा कटू अनुभव असावा. पहिला आठवडा काढला तर मूल आपले. ज्या बाळाला वाटच नाही त्याची पहिली काळी शी होत नाही, पोट फुगते, ते हिरवे ओकू लागते, आणि उपाय न झाल्यास सटवीच्या रात्रीच्या आगेमागे त्याचा खेळ संपतो. १७१० मध्ये अलेक्सिस लित्रे या फ्रेंच वैद्याने असेच सहा दिवसांत दगावलेले एक अर्भक उघडून पाहिले. त्याच्या मनात आले की खालची वाट होत नसेल तर पोटावर वाट करावी, आतड्याचे तोंड कातडीला जोडावे. कल्पना कागदावर राहिली. ती जिवंत बाळावर यशस्वी व्हायला ऐंशीहून अधिक वर्षे लागली. १७९३ मध्ये, पॅरिसमध्ये गिलोटीनचे पाते अखंड चालू असताना, ब्रेस्त बंदरात द्यूरे नावाच्या शल्यवैद्यापुढे तीन दिवसांचे एक बाळ आले. खालून प्रयत्न फसला होता. द्यूरेने आधी एका मृत अर्भकाच्या देहावर हात साफ करून पाहिला, मग या बाळाच्या पोटाच्या डाव्या बाजूला आतडे बाहेर काढून शिवले. ते मूल पंचेचाळीस वर्षे जगले.

मी ही हकीकत अनेकदा वाचली आहे, आणि प्रत्येक वेळी मला त्या पंचेचाळीस वर्षांची उत्सुकता वाटते. शस्त्रक्रियेचा दिवस इतिहासाने टिपून ठेवला. आज पोटावरच्या तोंडाला चिकटणारी पिशवी मिळते. त्या माणसाने अठराव्या-एकोणिसाव्या शतकात काय बांधले असेल, कुणाच्या शेजारी बसून जेवला असेल, याबद्दल इतिहास अवाक्षर काढत नाही. विषयाची सगळी तऱ्हा यात दिसते.

पुढे १८३५ मध्ये पॅरिसच्या आम्युसाने खालची वाट करताना आतड्याचे अस्तर बाहेरच्या कातडीला टाक्यांनी जोडले. नुसते भोक पाडले तर ते जखमेसारखे आकसून मिटते, अस्तर जोडले तर राहते, हे त्याने ओळखले. मग भूल आली, जंतुविरहित शस्त्रक्रिया आली, आणि विसाव्या शतकात शल्यवैद्य अधिकाधिक खोल जाऊ लागले. मलाशय किती उंचावर संपला आहे हे कळावे म्हणून १९३० मध्ये अमेरिकेतील वांगेनस्टीन आणि राइस यांनी एक युक्ती काढली. बाळाला पायांना धरून उलटे टांगायचे, म्हणजे आतड्यातली हवा वर चढते. खळीवर धातूची खूण ठेवून क्ष-किरण चित्र घ्यायचे, आणि हवा व खूण यांतले अंतर मोजायचे. पन्नास वर्षे जगभर अशी एक-दोन दिवसांची बाळे उलटी धरली गेली. १९८३ मध्ये चंडीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेतील नरसिंहराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की बाळाला पालथे निजवून कंबर थोडी उंच केली आणि बाजूने चित्र घेतले तरी तेच कळते, बाळाचे हाल मात्र टळतात. साधी गोष्ट, पण तिची दखल जगाने घेतली.

महाराष्ट्रात मुलांचे स्वतंत्र रुग्णालय असावे ही कल्पना परळच्या बाई जेरबाई वाडिया रुग्णालयाच्या रूपाने १९२९ मध्ये साकार झाली. मुलांची शस्त्रक्रिया हे वेगळे शास्त्र आहे हे मान्य व्हायला मात्र वेळ लागला. अखिल भारतीय शल्यवैद्य संघटनेत बालशल्यचिकित्सेचा निराळा विभाग निघाला तो १९६५ मध्ये. मुंबईच्या या परंपरेतल्या डॉ. स्नेहलता देशमुख पुढे १९९५ ते २००० या काळात मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु या इतिहासात आपल्या परिसराचाही वाटा आहे. नवजात बाळाच्या आतड्याला शस्त्र लावायचे म्हणजे मळातल्या जंतूंशी गाठ. ती भीती कमी केली जंतुनाशक प्रतिजैविकांनी. आपल्या पिंपरीस १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, आणि जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५५ मध्ये तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. पिंपरी-चिंचवडचा औद्योगिक इतिहास सांगताना आपण मोटारी आणि स्कूटरी मोजतो. पेनिसिलिनच्या त्या बाटल्यांनी किती अर्भके तगली याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

आता शस्त्रक्रियेच्या शेवटच्या दोन पावलांकडे वळतो, कारण त्यांच्यातूनच दुसरा प्रश्न उभा राहिला. १९४८ पासून पोटातून आणि खालून असे दोन्हीकडून शिरून आतडे खाली ओढून आणण्याची रीत रूढ होत गेली. १९५३ मध्ये मेलबर्नच्या डग्लस स्टीफन्स यांनी सांगितले की, आतडे खाली आणताना एका विशिष्ट स्नायूच्या कमानीतून ते गेले पाहिजे, कारण शी धरून ठेवणारा स्नायू तोच. हे बरोबर होते, पण तो स्नायू शल्यवैद्याला दिसत नसे. अंधारात चाचपडत काम चाले. मग १९८० च्या १० ऑगस्टला मेक्सिको शहरात अल्बेर्तो पेन्या यांनी बाळाला पालथे निजवून, त्रिकास्थीपासून खाली बरोबर मध्यरेषेवर छेद घेतला आणि सगळे स्नायू डोळ्यांसमोर उघडे केले. मध्यरेषा ओलांडून मज्जातंतू जात नाहीत, म्हणून मध्यावर कापले तर नुकसान होत नाही. विजेच्या सौम्य टोचणीने स्नायू आकुंचन पावतो, त्यावरून त्याची हद्द ठरवायची आणि मलाशय नेमका त्यात बसवून स्नायू पुन्हा शिवायचा. पेन्या आणि पीटर द व्हरीस यांनी १९८२ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली, आणि थोड्याच वर्षांत ती जगभर गेली.

वाटले, प्रश्न सुटला. प्रत्यक्षात तो बदलला होता.

पेन्या यांनी आपल्याच शेकडो रुग्णांचा पाठपुरावा केला, आणि हिशेब लपवला नाही, हा त्यांचा मोठेपणा. तीन वर्षांपुढच्या मुलांत सुमारे तीन चतुर्थांश मुलांना आपण होऊन शी करता येई. पण त्यांतल्या निम्म्यांना अधूनमधून डाग लागतच असत. उरलेल्या एक चतुर्थांश मुलांचा ताबा जवळजवळ नव्हताच. उत्तम शल्यवैद्याच्या हातून उत्तम शस्त्रक्रिया होऊनही असे का व्हावे?

कारण शौच ही नुसत्या दाराची गोष्ट नाही. तिला तीन गोष्टी लागतात. आत काय आले आहे याची जाणीव, ते रोखणारा स्नायू, आणि मोठ्या आतड्याची स्वतःची चाल. आपल्या गुदमार्गाच्या अस्तराला वारा, पाणी आणि घट्ट मळ यांतला भेद कळतो. म्हणूनच आपण पंगतीत निश्चिंत बसतो. या मुलांत ते अस्तरच घडलेले नसते. मलाशय घट्ट मळाने ताणला गेला तर त्यांना अंधुक कळते, पातळ असेल तर कळतच नाही. स्नायू किती घडला हे बहुधा दोषाच्या प्रकारावर ठरते, आणि मघाशी सांगितलेल्या त्रिकास्थीवर. ती आखूड असली की स्नायू आणि मज्जातंतूही दुबळे असण्याचा संभव मोठा. हे शल्यवैद्याच्या हाती नाही.

तिसरी गोष्ट, आतड्याची चाल, हिच्यात इतिहासाने एक विलक्षण चूक-दुरुस्ती केली आहे. जुन्या पद्धतीत आतडे खाली ओढताना मलाशय बऱ्याचदा कापून टाकला जाई. मलाशय म्हणजे कोठार. कोठार गेले की मळ आला तसा बाहेर; त्या मुलांना दिवसभर गळती. नव्या पद्धतीने कोठार राखले, पण ते कोठार ताणलेले आणि आळशी. त्यात मळ साठतो, सुकतो, खडा होतो. म्हणजे एका पिढीला जुलाबासारखी गळती, तर पुढच्या पिढीला हट्टी बद्धकोष्ठ. आणि या बद्धकोष्ठाचा कपटीपणा असा की, खडा आत अडकून बसतो आणि त्याच्या कडेने पातळ मळ झिरपत राहतो. आईला दिसते ती दिवसातून दहा वेळा खराब झालेली चड्डी. ती म्हणते पोराला जुलाब होतात. कोणीतरी जुलाब थांबवायचे औषध देते, आणि खडा आणखी मोठा होतो. आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी म्हणतात तो हाच प्रकार.

यातून शौचव्यवस्थापनाचे जे शास्त्र उभे राहिले, ते न्यूयॉर्क व नंतर सिनसिनाटी येथे पेन्या आणि त्यांच्या शिष्यांनी रीतसर बांधले. त्याचे मर्म एका निवडीत आहे. मुलाला शी धरता येते, पण कोठा जड आहे, असे असेल तर त्याला रेचक द्यावे, रोज आणि पुरेसे. तेथे वापरतात ते मुख्य रेचक सेन्ना, म्हणजे आपल्या आजीबाईच्या बटव्यातली सोनामुखी. मात्र ज्याला धरताच येत नाही त्याला रेचक देणे म्हणजे दार नसलेल्या घरात चोराला वाट दाखवणे. अशा मुलाला एनिमा. दिवसातून एकदा, ठरल्या वेळी, मोठे आतडे धुऊन रिकामे करायचे, आणि पुढच्या धुण्यापर्यंतच्या चोवीस तासांत त्यात खाली यायला काही उरू द्यायचे नाही. आतडे रुंद आणि संथ असेल तर एनिमा मोठा लागतो, पथ्य लागत नाही. मलाशय कापलेला आणि आतडे चपळ असेल तर एनिमा छोटा पुरतो, पण जोडीला भात, केळे असे बांधून ठेवणारे खाणे आणि आतड्याची चाल मंद करणारे औषध लागते. ही मापे अंदाजाने ठरत नाहीत. आठवडाभर रोज पोटाचे साधे क्ष-किरण चित्र घेऊन, आतडे खरोखर रिकामे झाले का, हे पाहत पाण्याचे माप वाढवतात किंवा कमी करतात. म्हणून हे व्याख्यान ऐकून घरी कोणी नळी हाती घेऊ नये. चुकीच्या द्रवाने, विशेषतः फॉस्फेटच्या तयार एनिम्याच्या अतिरेकाने, लहान मुलांच्या जिवावर बेतलेले आहे.

आपल्याकडील श्रोत्याला यात बस्तीची आठवण होणारच, आणि ती रास्त आहे. बस्ती म्हणजे मूळ अर्थाने जनावराचा मूत्राशय. त्याचीच पिशवी करून द्रव आत सोडीत. सुश्रुताने एक, आठ आणि सोळा वर्षांच्या रोग्यांसाठी सहा, आठ आणि दहा अंगुळे लांबीच्या नळ्या सांगितल्या आहेत. म्हणजे मुलाचे माप वेगळे, हे भान होते. त्याहून रंगतदार आहे काश्यपसंहितेतला वाद. हा बालवैद्यकाचा ग्रंथ नेपाळात सापडला आणि राजगुरू हेमराज शर्मा व यादवजी त्रिकमजी आचार्य यांच्या परिश्रमाने १९३८ मध्ये छापून निघाला. मुलाला बस्ती कितव्या वयापासून द्यावी, यावर तेथे आचार्यांची सभाच भरली आहे. गार्ग्य म्हणतो जन्मापासून, माठर म्हणतो एक महिन्यानंतर, आत्रेय पुनर्वसु चार महिन्यांनंतर, पाराशर्य तीन वर्षांनंतर, भेल सहा वर्षांनंतर. काश्यप सगळ्यांचे ऐकून घेतो आणि म्हणतो, मूल जमिनीवर वावरू लागले आणि अन्न खाऊ लागले की द्यावी. वयाचे वर्ष न धरता मुलाची अवस्था धरणारा हा निकाल आजच्या बालवैद्यालाही मानवेल. पण त्या बस्तीचा हेतू वायूचे शमन हा होता. ताबा नसलेल्या मुलाला चोवीस तास कोरडे ठेवणे हा नव्हता. साधन जुने, प्रश्न नवा, एवढेच म्हणता येईल.

लहानपणी आई एनिमा देते. मूल दहा-बारा वर्षांचे झाले की ही गोष्ट त्याला, आणि विशेषतः मुलीला, नकोशी होते. १९९० मध्ये इंग्लंडच्या पॅट्रिक मेलोन यांनी आंत्रपुच्छाचे तोंड पोटाच्या कातडीशी आणून जोडले; त्यातून बारीक नळी घालून पाणी वरून खाली सोडायचे. आतडे तसेच धुतले जाते, पण मूल स्वतः कमोडवर बसून, दार लावून, स्वतःच्या हाताने ते करते. एरवी कापून फेकून दिले जाणारे आंत्रपुच्छ येथे मुलाच्या अब्रूचे रक्षण करते, ही मला शल्यशास्त्रातली एक फार सुंदर गोष्ट वाटते.

आता रावेतकडे येऊ. रावेतच्या बंधाऱ्यापाशी पवनेचे पाणी उचलले जाते, निगडीच्या शुद्धीकरण केंद्रात जाते, आणि तेथून पिंपरी-चिंचवडच्या नळांना येते. १९९७ मध्ये रावेत महानगरपालिकेत आले, शेतांच्या जागी उंच इमारती आल्या. शहर इतके वाढले की २०१९ च्या नोव्हेंबरपासून महानगरपालिकेला दिवसाआड पाणी सोडावे लागले, आणि ती व्यवस्था पुढे वर्षानुवर्षे राहिली. टाकी असलेल्या सदनिकेत ते खपून जाते. चाकण-तळवड्याच्या कारखान्यात पाळी करणारे कुटुंब एका खोलीत राहते, चार घरांत मिळून एक संडास असतो, तेथे रोज संध्याकाळी एका मुलाने पाऊण तास संडासात बसून राहायचे, त्याला धुवायला कोमट पाणी हवे, आणि ते देणारी आई त्या वेळी दुसऱ्या पाळीला गेलेली नसावी. हे सगळे जमवायचे म्हणजे शस्त्रक्रियेपेक्षा मोठी कसरत आहे. एनिम्याची वेळ आणि कारखान्याचा भोंगा यांची सांगड घालणे हे कोणत्याही वैद्यकाच्या पुस्तकात नाही.

सरकारने काही केले नाही असे नव्हे. २०१२ मध्ये सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालू राहिली, आणि तीत या दोषाच्या शस्त्रक्रिया बसतात. पण योजना आहे ती शस्त्रक्रियेची आणि रुग्णालयातल्या मुक्कामाची. पुढची दहा वर्षे रोज लागणारी नळी, मिठाचे पाणी, जेली, यांचा खर्च घरचा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघरला झाला. त्यात नावानिशी घेतलेल्या नऊ जन्मजात दोषांत याचे नाव नाही. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात एकवीस प्रकार आहेत, त्यांतही शौचावर ताबा नसणे हा प्रकार नाही. वाट करून देण्यापर्यंत राज्य येते आणि तेथे थांबते. दोन हजार वर्षे वैद्यक थांबत आले तसेच.

शाळेचे काय होते ते सांगायला नकोच. ज्या मुलाच्या अंगाला वास येतो त्याच्या शेजारी कोणी बसत नाही. त्याला नाव पडते. मग ते पोटदुखीचे निमित्त करू लागते, आणि एक दिवस शाळा सुटते. घरचे लोक झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून शिक्षकांना काही सांगत नाहीत. मुलींच्या बाबतीत तर काही वेळा दोषच लपून राहतो. भलत्या ठिकाणाहून का होईना, शी होते ना, म्हणून कोणी पाहत नाही, आणि वरचे अन्न सुरू होऊन कोठा जड झाला म्हणजे मग धावाधाव होते. वास्तविक जन्मल्या दिवशी बाळाला उलटसुलट करून नीट पाहिले तर हा दोष नुसत्या डोळ्यांनी दिसतो. सोरेनसने सुइणीला सांगितले ते एवढेच होते.

राहिली ती मोठी झालेली मुले. १९८० नंतर या पद्धतीने ज्यांची शस्त्रक्रिया झाली त्यांतले पहिले लोक आज चाळिशी ओलांडलेले आहेत. मुलांच्या वॉर्डात त्यांना खाट नाही, आणि मोठ्यांच्या वॉर्डात या दोषाची ओळख असणारा वैद्य क्वचित भेटतो. लग्न करावे का, बाळंतपण कसे व्हावे, उतारवयात स्नायू सैल पडला तर काय, हे त्यांचे प्रश्न आहेत, आणि ते कोणाला विचारावेत हाच पहिला प्रश्न. अशा वेळी लहानपणच्या शस्त्रक्रियेचा कागद फार उपयोगी पडतो. घर बदलताना, गाव सोडताना पहिल्यांदा हरवतो तोही तोच. ज्यांच्या घरी तो असेल त्यांनी तो दाखल्यांच्या फायलीत ठेवावा. मलाशयाची वाट कोठे उघडत होती, मलाशय राखला की कापला, आणि त्रिकास्थी किती घडलेली होती, एवढ्या तीन ओळी त्यावर असल्या की नव्या वैद्याचे निम्मे काम होते.